स्थानिक आकडेवारी, नागरी समाज आणि शाश्वत विकासाची ध्येये : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २५ सप्टेंबर २०१५ रोजी शाश्वत विकासाची १७ ध्येये व त्यांखालील १६९ लक्ष्ये स्वीकारली. भारतानेही ती मान्य केली. त्यानंतर केंद्र शासनाच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०१८ मध्ये ३०६ निर्देशकांची राष्ट्रीय चौकट निश्चित केली आणि त्याच वर्षी नीती आयोगाने राज्यांचा पहिला निर्देशांक प्रसिद्ध केला. तेव्हापासून 'स्थानिकीकरण' हा शब्द परिसंवादांत व शासकीय परिपत्रकांत रूढ झाला आहे. ध्येये जागतिक असली तरी त्यांची पूर्ती गावात व शहरात व्हावयाची असल्याने स्थानिक आकडेवारी गोळा करावी, ती लोकांपुढे ठेवावी आणि तिच्या आधारे लोकांना सहभागी करून घ्यावे, असा या विचाराचा आशय आहे.

विचार म्हणून यात आक्षेपार्ह काही नाही. मात्र आकडेवारी लोकांपुढे ठेवली की लोक आपोआप सहभागी होतात, हे गृहीतक तपासून पाहण्याजोगे आहे. बीड जिल्हा या तपासणीसाठी योग्य क्षेत्र आहे. २०११ च्या जनगणनेनुसार २५,८५,०४९ लोकसंख्येच्या या जिल्ह्यात ११ तालुके असून सुमारे एक पंचमांश लोक शहरांत राहतात. पाणीटंचाई, मुलींचे घटलेले प्रमाण आणि ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर या तिन्ही प्रश्नांवर या जिल्ह्याबाबत आकडेवारीची उणीव नाही. तरीही जिल्ह्यातील शहरी समाज या आकड्यांशी फारसा जोडला गेलेला दिसत नाही. असे का झाले, या प्रश्नाची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

'स्थानिक' कोणास म्हणावे?

प्रथम 'स्थानिक' या विशेषणाचा अर्थ पाहणे आवश्यक आहे. नीती आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये शहरांसाठी स्वतंत्र निर्देशांक प्रसिद्ध केला. त्यात ५६ शहरांचा समावेश होता. त्यांपैकी ४४ शहरे दहा लाखांहून अधिक लोकसंख्येची, तर उर्वरित १२ राज्यांच्या राजधान्या होत्या. २०११ मध्ये बीड शहराची लोकसंख्या १,४६,७०९ होती. अर्थात बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव यांसारख्या शहरांना या आरशात स्थान असण्याचे कारणच नव्हते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या चौथ्या फेरीपासून देशभर जिल्हानिहाय अंदाज मिळू लागले, ही मोठीच सोय झाली. परंतु जिल्हा हा त्याचा सर्वांत लहान घटक आहे. बीड शहरातील एखाद्या प्रभागाचे चित्र त्यातून उभे राहत नाही.

याउलट जी आकडेवारी खऱ्या अर्थाने स्थानिक आहे, ती कार्यालयांच्या नोंदवह्यांत असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींतील पाण्याची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. नगर परिषदेच्या जन्म-मृत्यू विभागात प्रत्येक जन्माची नोंद होते. सोनोग्राफी केंद्रे विहित नमुन्यात माहिती भरतात. ही सर्व माहिती खालून वर जाते. वरिष्ठ कार्यालयात तिची बेरीज होते, अहवाल तयार होतो आणि काही काळाने एक सरासरी म्हणून ती वृत्तपत्रांतून खाली येते. ज्या वस्तीतून आकडा गेला, त्या वस्तीला परत येताना तो ओळखू येत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४ ने सार्वजनिक प्राधिकरणांवर स्वतःहून माहिती प्रकट करण्याचे बंधन घातले असले तरी त्याचे पालन पुष्कळदा अधिकाऱ्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक प्रसिद्ध करण्यापुरते राहते.

शाश्वत विकासाच्या १७.१८ या लक्ष्यात आकडेवारी उत्पन्न, लिंग, वय, अपंगत्व, भौगोलिक स्थान आणि स्थलांतरित स्थिती यांनुसार विभागून उपलब्ध व्हावी, अशी अपेक्षा आहे. यांतील 'भौगोलिक स्थान' व 'स्थलांतरित स्थिती' हे दोन निकष बीड जिल्ह्याच्या दृष्टीने कळीचे आहेत. पुढील विवेचनात त्यांचा संदर्भ वारंवार येईल.

'अनुशेष' : मराठवाड्याचा पूर्वानुभव

आकडेवारीमुळे समाज जागा होतो का, या प्रश्नाचे एक उत्तर मराठवाड्याच्या इतिहासातच आहे. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोलाचा अहवाल सादर केला. समितीने राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये व त्यात मराठवाड्याचा वाटा ७५०.८५ कोटी रुपये असल्याचे दाखविले. सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा इत्यादी क्षेत्रांत राज्याच्या सरासरीपेक्षा कोण किती मागे आहे, हे त्यात जिल्हानिहाय मोजले होते. 'अनुशेष' हा मूळचा हिशेबातील शब्द पाहता पाहता सभांमधला, अग्रलेखांमधला आणि चहाच्या टपरीवरचा शब्द झाला. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या नेत्यांनी व मराठवाडा जनता विकास परिषदेने तो लावून धरला. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) नुसार १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

या अनुभवातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, आकड्याला लोकजीवनात स्थान मिळते ते त्याच्यामागे मागणी असेल तेव्हा. अनुशेषाचा आकडा 'आपल्याला काय मिळालेले नाही' हे सांगत होता आणि ते कोणाकडे मागावयाचे, हेही स्पष्ट होते. दोन, या आकड्याचे तोंड नेहमी मुंबईकडे होते. जिल्हा हा घटक धरल्यामुळे जिल्ह्याच्या अंतर्गत वाटपाचा प्रश्न त्यात उपस्थित झाला नाही. बीड शहर आणि बालाघाटाच्या माथ्यावरील वाडी-तांडा हे दोघेही एकाच अनुशेषाचे समान धनी ठरले. शासनाकडून येणे असलेल्या रकमेवर लोकमत संघटित करणे सोपे असते. आपल्याच वर्तनाचा हिशेब मांडणाऱ्या आकड्यावर ते करणे कठीण जाते. शाश्वत विकासाची आकडेवारी दुसऱ्या प्रकारची आहे. ती पाण्याचा उपसा, मुलींचा जन्म, मजुराचे आरोग्य यांविषयी बोलते आणि त्यांत नागरिक मागणीदार असतो तसा देणेकरीही असतो. अनुशेषाच्या राजकारणाने मराठवाड्यातील सुशिक्षित वर्गाला आकडा वाचावयास शिकविले. तथापि, त्या आकड्यात स्वतःचा वाटा शोधण्याची सवय त्यातून लागली नाही.

पाण्याचा ताळेबंद : गावाने केला, शहराने नाही

स्थानिक आकडेवारीतून लोकसहभाग निर्माण झाल्याचे महाराष्ट्रातील सर्वपरिचित उदाहरण बीडच्या शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारचे आहे. तेथे पर्जन्यमापकाचे व निरीक्षण विहिरींचे आकडे ग्रामसभेपुढे ठेवले जातात. उपलब्ध पाण्यातून प्रथम माणसे, मग जनावरे आणि उरेल त्यात शेती असा क्रम लावला जातो. पाऊस कमी झाला, तर कोणती पिके घ्यावयाची नाहीत, हे ग्रामसभा ठरविते. शेतीसाठी विंधन विहिरी न घेण्याचा व ऊस-केळीसारखी पिके टाळण्याचा नियम गावाने स्वतःवर घालून घेतला. तेथे आकडा, निर्णय आणि निर्णयाचे परिणाम भोगणारा समाज हे तिन्ही एकाच ठिकाणी आहेत. या प्रयोगाचे यश या एकत्रतेत आहे.

बीड जिल्ह्यालाही असा अनुभव आहे. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेची पहिली फेरी राज्यातील ज्या तीन तालुक्यांत झाली, त्यांत अमरावतीतील वरुड, साताऱ्यातील कोरेगाव यांच्यासह अंबाजोगाई तालुका होता. पाणलोटाची मापे काढणे, चर खोदणे आणि किती पाणी अडले याचा हिशेब ठेवणे ही कामे त्यात सामान्य शेतकरी स्त्री-पुरुषांनी केली. मात्र जेथे मोजमाप लोकांच्या हातून सुटून केवळ उद्दिष्टपूर्तीचे साधन झाले, तेथे काय घडते हे जलयुक्त शिवार अभियानाने दाखविले. ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च होऊनही भूजल पातळी वाढविण्यावर अभियानाचा अपेक्षित परिणाम झाला नाही, असे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०२० मध्ये विधिमंडळात सादर झालेल्या अहवालात नमूद केले. गाव 'जलपरिपूर्ण' घोषित करणारा ताळेबंद कागदावर होता. त्या ताळेबंदानुसार पाणी वापरण्याची बांधिलकी मात्र नव्हती.

प्रश्न असा की, हा ताळेबंद शहरात का आला नाही? बीड शहराला बिंदुसरा प्रकल्पातून व माजलगाव धरणातून पाणी मिळते. मांजरा धरण बीड जिल्ह्यात केज तालुक्यातील धनेगाव येथे आहे, पण त्यावर अंबाजोगाईप्रमाणेच लातूरही अवलंबून आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०१५ च्या जुलैत पाण्याअभावी परळीचे औष्णिक विद्युत केंद्र बंद ठेवावे लागले. या काळात धरणातील साठ्याची टक्केवारी वृत्तपत्रांत नित्य छापून येत होती. मात्र 'मृतसाठ्यात गेले' यापलीकडे या टक्केवारीचा आपल्या नळाशी काय संबंध आहे, हे नागरिकाला समजण्याची सोय नव्हती.

हा संबंध जोडणे अवघड नाही. २०११ ची लोकसंख्या धरली आणि भुयारी गटार योजना असलेल्या शहरासाठीचे दरडोई दररोज १३५ लिटरचे प्रमाण लावले, तर बीड शहराची गरज दररोज सुमारे १.९८ कोटी लिटर, म्हणजे वर्षाला सुमारे ७.२ दशलक्ष घनमीटर होते. गटार योजना नसलेल्या शहरासाठीचे ७० लिटरचे प्रमाण लावल्यास ती वर्षाला सुमारे ३.७५ दशलक्ष घनमीटर भरते. त्यानंतर वाढलेली लोकसंख्या व गळती हिशेबात घेतल्यास आकडा बराच पुढे जाईल. धरणातून किती पाणी उचलले, शुद्धीकरण केंद्रातून किती बाहेर पडले, कोणत्या भागाला किती दिवसांआड किती तास पाणी मिळाले आणि विंधन विहिरींतून किती उपसा झाला, हे पाच-सहा आकडे प्रभागनिहाय एका कागदावर आले, तर शहराचा जलताळेबंद तयार होतो. यांपैकी पहिले तीन आकडे पाणीपुरवठा यंत्रणेकडून मिळविता येतात. चौथा आकडा मात्र कोणाकडेच नाही, कारण शहरातील खाजगी विंधन विहिरी मोजल्या जात नाहीत. टंचाईच्या दिवसांत ज्याच्या अंगणात विंधन विहीर आहे आणि ज्याला टँकरमागे घागर घेऊन धावावे लागते, त्या दोघांतील अंतर नेमके याच न मोजलेल्या आकड्यात दडलेले आहे.

बीडजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात निजामशाहीच्या काळात बांधली गेली. भूगर्भातील पाणी बोगद्यांतून खेळवून ते शेतीपर्यंत नेण्याची तिची रचना आजही अभ्यासकांना आकर्षित करते. या विहिरीचा शहराला अभिमान आहे व तो योग्यच आहे. परंतु भूमीखालील पाणी मोजून, वाटून वापरण्याची जी दृष्टी त्या रचनेमागे आहे, ती शहराच्या आजच्या व्यवहारात आढळत नाही.

मुलींचे प्रमाण : गावाचा आकडा, शहराचा व्यवहार

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे ८०७ मुली आढळल्या. राज्यात हे सर्वांत कमी प्रमाण होते. २००१ मध्ये ते ८९४ होते. याच काळात राज्याचे प्रमाण ९१३ वरून ८९४ वर आले. जिल्ह्याच्या या आकड्याने देशाचे लक्ष वेधले आणि जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' योजनेच्या पहिल्या १०० जिल्ह्यांत बीडचा समावेश झाला.

या योजनेच्या काळात जळगाव जिल्ह्यात ग्रामपंचायतींमध्ये डिजिटल 'गुड्डा-गुड्डी' फलक लावण्याचा उपक्रम झाला. गावात जन्मलेल्या मुला-मुलींची संख्या त्यावर दिसे. स्थानिक आकडेवारीतून जाणीव निर्माण करण्याचा हा थेट प्रयत्न होता. पण त्याची सांख्यिकीय मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. एखाद्या गावात वर्षभरात २० बाळे जन्मली व त्यांत १२ मुलगे, ८ मुली असल्या, तर प्रमाण ६६७ दिसते व गाव दोषी ठरते. वस्तुतः लिंगनिवड न होता निव्वळ योगायोगाने आठ किंवा त्याहून कमी मुली जन्मण्याची शक्यता दहात जवळजवळ तीन इतकी असते. पुढील वर्षी त्याच गावात ११ मुली जन्मल्या की गाव सत्कारास पात्र होते. लाखोंच्या संख्येवर काढलेले ८०७ हे प्रमाण योगायोगाने येत नाही. लहान गावाचे ६६७ मात्र येऊ शकते. आकडा जितका स्थानिक, तितकी त्याच्या वाचनात सावधगिरी अधिक हवी. हा विवेक नसेल, तर फलक गावाला विनाकारण लाजवितो किंवा विनाकारण निश्चिंत करतो.

याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे. जन्माची नोंद जन्म झालेल्या ठिकाणी होत असली तरी जन्माचा आकडा आईच्या पत्त्यावर, म्हणजे बहुधा गावावर मोजला जातो. सोनोग्राफी केंद्र व रुग्णालय मात्र शहरात असते. गर्भलिंग निदानाचा व्यवहार शहरात घडतो आणि त्याचा परिणाम गावाच्या खात्यात जमा होतो. परळीतील २०१२ च्या प्रकरणाने हा व्यवहार उघड केला. फलक मात्र ग्रामपंचायतीवर लागला. शहराच्या चौकात असा फलक लावण्याचा विचार क्वचितच झाला.

वास्तविक त्यासाठी साधन उपलब्ध आहे. गर्भलिंग निदानविरोधी कायदा १९९४ चा असून २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. त्यानुसार प्रत्येक केंद्राने गर्भवतीच्या प्रत्येक तपासणीसाठी 'एफ' नमुना भरणे व मासिक अहवाल समुचित प्राधिकाऱ्याकडे पाठविणे बंधनकारक आहे. या नमुन्यात स्त्रीला आधीची किती अपत्ये असून त्यांत मुलगे-मुली किती, हेही नोंदविलेले असते. एक किंवा दोन मुली असलेल्या स्त्रियांच्या तपासण्यांचे पुढे काय झाले, त्यांपैकी किती गर्भधारणा प्रसूतीपर्यंत पोहोचल्या, हे नावे पूर्णतः वगळून शहरनिहाय एकत्रितपणे मांडता येऊ शकते. अशी मांडणी झाली, तर प्रश्न 'खेड्यातील अडाणी मानसिकते'पाशी न थांबता शहरातील सुशिक्षित व्यवसायापर्यंत पोहोचेल. हा नमुना कायद्याच्या अंमलबजावणीसाठी भरला जातो आणि तपासणीच्या कपाटात राहतो. समाजाने तो वाचावा, अशी योजनाच नाही.

स्थलांतर : मोजणीबाहेरची वस्ती

ऊसतोडीसाठी जिल्ह्यातून दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पती-पत्नीचा 'कोयता' राबतो. आता जनगणनेचे वेळापत्रक पाहावे. २०११ ची प्रत्यक्ष लोकगणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. या संपूर्ण काळात जी व्यक्ती आपल्या घरी नसते, तिची गणना घरच्या गावात होत नाही, ती जेथे आढळेल तेथे होते. हंगाम ऐन भरात असताना ऊसतोड मजूर कारखान्याच्या तळावरील कोपीत असतो. त्यामुळे ज्या गावाच्या सोयी-सुविधांचे नियोजन या आकड्यांवर व्हावयाचे, त्या गावाच्या मोजणीत त्याचे रहिवासी निसटण्याची शक्यता वेळापत्रकातच अंतर्भूत आहे. आगामी जनगणनेसाठीही देशाच्या बहुतांश भागाकरिता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक जून २०२५ मध्ये अधिसूचित झाला आहे. तोही हंगामाच्या आतच येतो.

मोजणीबाहेर राहण्याची किंमत कशी चुकवावी लागते, हे २०१९ मध्ये दिसले. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी वृत्ते प्रसिद्ध झाल्यावर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ महिलांची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. हे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये देशपातळीवर ते ३ टक्क्यांच्या आसपास होते. दोन्ही पाहण्यांतील वयोगट व पद्धती सारख्या नसल्याने तुलना काटेकोर मानता येत नाही. तरीही अंतर दुर्लक्षिण्याजोगे नाही.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, ही आकडेवारी कोणत्याही नियमित व्यवस्थेतून पुढे आली नाही. पत्रकारांनी व महिला संघटनांनी प्रश्न विचारल्यावर ती मोजली गेली. या शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे होत होत्या आणि शहरांतील रुग्णालयांच्या नोंदवह्यांत त्यांची नोंद होत होती. त्या नोंदींची बेरीज करण्याची गरज मात्र कोणास वाटली नाही. मोजणीनंतर खाजगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन आले, म्हणजेच आकडा कृतीस कारण ठरला. तथापि, एकदाच केलेले सर्वेक्षण ही छायाचित्रासारखी बाब असते. दरवर्षी तेच मोजले गेले नाही, तर बंधनाचा परिणाम काय झाला, हे कळण्यास मार्ग राहत नाही. येथेही गावाचा पत्ता व शहराचा व्यवहार ही विभागणी कायम आहे. शस्त्रक्रिया झालेली स्त्री तांड्यावरची असते आणि शस्त्रक्रियागृह शहरातले असते.

चर्चेचे व्यासपीठ

वरील तिन्ही उदाहरणांत आकडेवारी होती किंवा मिळविता आली असती. उणीव होती ती आकडा जेथे मांडावा, प्रश्न विचारावा आणि निर्णय घ्यावा अशा जागेची. गावाला संविधानाच्या अनुच्छेद २४३-अ ने ग्रामसभा दिली. ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना बाराव्या अनुसूचीतील १८ विषय दिले. पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, पर्यावरण संरक्षण हे त्यांतलेच. परंतु अनुच्छेद २४३-एस नुसार प्रभाग समित्या तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या नागरी क्षेत्रांसाठीच अनिवार्य आहेत. बीडसारखी दीड लाखाची नगर परिषद त्या मर्यादेखाली येते. राज्यात २००९ मध्ये क्षेत्र सभांसाठी कायद्यात दुरुस्ती झाली. ग्रामसभेप्रमाणे ती संस्था नागरी जीवनात रुजली नाही. भरीस भर म्हणजे २०२१-२२ नंतर राज्यातील बहुतांश नगर परिषदांवर कित्येक वर्षे प्रशासक राहिले. निवडणुका झाल्या त्या डिसेंबर २०२५ मध्ये. अर्थात ज्या काळात 'स्थानिकीकरणा'चा सर्वाधिक उद्घोष झाला, त्याच काळात शहराला निर्वाचित सभागृहही नव्हते.

ही पोकळी स्पर्धांनी भरून काढली. २०१६ मध्ये ७३ शहरांपासून सुरू झालेले स्वच्छ सर्वेक्षण २०१८ पर्यंत देशातील चार हजारांहून अधिक शहरांपर्यंत पोहोचले. राज्य शासनाने २ ऑक्टोबर २०२० पासून पंचमहाभूतांवर आधारित 'माझी वसुंधरा' अभियान सुरू केले. या उपक्रमांनी नगर परिषदांना कामाला लावले, हे मान्य करावे लागेल. परंतु त्यांत आकडा गुणांसाठी भरला जातो आणि नागरिकाचा सहभाग 'प्रतिसाद' नोंदविण्यापुरता उरतो. क्रमवारी शहराची इतर शहरांशी तुलना करते. शहरातील एका प्रभागाची दुसऱ्या प्रभागाशी तुलना ती करीत नाही आणि खरा सार्वजनिक प्रश्न तर तेथेच असतो.

ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे या शहराने १९८९ पासून वस्तीसभांमधून अंदाजपत्रकाचे अग्रक्रम ठरविले. पुणे महानगरपालिकेने २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्यास आरंभ केला. न्यूयॉर्कने २०१८ मध्ये व भोपाळने २०२३ मध्ये शाश्वत विकासाचा स्वतःचा स्वेच्छा आढावा प्रसिद्ध केला. ही उदाहरणे उद्बोधक आहेत. मात्र ती मोठ्या व तुलनेने साधनसंपन्न शहरांची आहेत. दीड लाखाच्या शहराला त्यांची नक्कल करण्यापेक्षा हिवरे बाजारचे सूत्र प्रभागपातळीवर आणणे अधिक सुलभ व अधिक आपले ठरेल.

महाविद्यालयांची जबाबदारी

या संदर्भात महाविद्यालयांचा विचार अपरिहार्य आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने पर्यावरण अभ्यास हा विषय पदवी स्तरावर अनिवार्य केला, त्यात क्षेत्रकार्याचाही अंतर्भाव आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात २०२३ पासून लागू झालेल्या आराखड्यात क्षेत्र प्रकल्प व सामुदायिक सहभाग यांना श्रेयांक मिळाले आहेत. असे असता विद्यार्थ्यांचे प्रकल्प बहुधा 'जलप्रदूषण : कारणे व उपाय' या ठरीव मथळ्याखाली पुस्तकातून उतरविले जातात, तपासले जातात आणि कपाटात जातात. शंभर विद्यार्थ्यांनी आपापल्या गल्लीत किती दिवसांआड पाणी आले याची वर्षभर नोंद ठेवली, तर शहराच्या पाणीवाटपाचा जो नकाशा तयार होईल, तो कोणत्याही कार्यालयात नाही. विंधन विहिरींची गणना, परतलेल्या ऊसतोड कुटुंबांच्या आरोग्याची वार्षिक पाहणी ही कामेही याच प्रकारची आहेत.

त्यासाठी सांख्यिकीच्या प्राध्यापकाने नमुना निवडीचे भान द्यावे, भूगोलाच्या प्राध्यापकाने नकाशा करावा, समाजशास्त्राच्या प्राध्यापकाने प्रश्नावली पाहावी आणि मराठीच्या प्राध्यापकाने निष्कर्ष सामान्य नागरिकाला समजतील अशा भाषेत लिहावेत. बहुविद्याशाखीयता हा शब्द अशा कामातच सार्थ होतो. मात्र एक दक्षता अत्यावश्यक आहे. आरोग्यविषयक माहितीत व्यक्तीची ओळख कोणत्याही स्वरूपात उघड होता कामा नये. लहान वस्तीत नाव गाळूनही माणूस ओळखू येतो, म्हणून अशी माहिती मोठ्या घटकावर एकत्र करूनच प्रसिद्ध करावी.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) बीड जिल्ह्याची अडचण आकडेवारीच्या अभावापेक्षा तिच्या एकमार्गी प्रवासाची आहे. खालून वर गेलेला आकडा वस्तीच्या परिमाणात परत आला, तरच तो स्थानिक म्हणता येईल.

२) पत्त्यावर आधारित मोजणीमुळे शहरातील व्यवहारांचे परिणाम गावांच्या खात्यात पडतात. मुलींचे प्रमाण व गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया यांबाबत 'कोठे राहते' याबरोबर 'कोठे घडले' हेही मोजले व मांडले गेले पाहिजे.

३) जनगणनेसारख्या मूलभूत मोजणीत हंगामी स्थलांतरितांसाठी पूरक नोंद नसेल, तर १७.१८ या लक्ष्याचे अभिवचन ऊसतोड कुटुंबांपुरते तरी अपूर्ण राहील.

४) लहान संख्येवरील प्रमाणे सार्वजनिक फलकावर मांडताना किमान तीन ते पाच वर्षांची बेरीज घ्यावी. अन्यथा योगायोग आणि अपराध यांत फरक राहणार नाही.

५) चर्चेची व निर्णयाची जागा नसेल, तर आकडा कुतूहलाचा विषय होऊन राहतो. तीन लाखांखालील नगर परिषदांमध्ये प्रभागसभा कायद्याने अनिवार्य होणे, ही स्थानिकीकरणाची पूर्वअट मानली पाहिजे.

मराठवाड्याने एके काळी 'अनुशेष' या एका शब्दाभोवती लोकमत उभे केले. तो शासनाकडे मागितलेला हिशेब होता आणि आजही त्यातील बरेच येणे बाकी आहे. शाश्वत विकासाच्या ध्येयांनी त्या हिशेबाला दुसरी बाजू जोडली आहे. शहराने गावाचे पाणी किती घेतले, शहरातील व्यवसायाने गावातील स्त्रीच्या शरीराचे काय केले आणि शहराच्या मोजणीतून कोण सुटले, याचा ताळेबंद त्या बाजूला मांडावयाचा आहे. हा ताळेबंद मांडण्यास मुंबईच्या वा दिल्लीच्या मंजुरीची आवश्यकता नाही. त्यासाठी लागणाऱ्या नोंदवह्या जिल्ह्यातच आहेत.